स्टेजकडे पाठ करून बसणारे साहेब

नाटक बसवणारा माणूस नाटक चालू असताना स्टेजकडे पाठ करून बसतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, याला काहीतरी लपवायचं आहे. आजही मला थोडं तसंच वाटतं.

आमच्या गास गावात चर्चमागच्या मैदानावर नाताळ आणि नवीन वर्ष यांच्या मधल्या आठवड्यात नाटक होतं. मंडप माझा, खुर्च्या माझ्या, लाइटी आणि जनरेटरही माझेच. स्टेजच्या पुढ्यात, डाव्या कोपऱ्याला साहेबांचं उंच लोखंडी स्टूल लागायचं. पडदा उघडला की सगळं मैदान स्टेजकडे बघायचं आणि साहेब मैदानाकडे. त्यांच्या मागे कोणी रडत असे, कोणी मरत असे, त्यांनी स्वतः रात्रंदिवस घासून घेतलेले संवाद म्हटले जात असत, पण त्यांची मान एकदाही वळायची नाही. हात मांडीवर, चष्मा कपाळावर, आणि नजर एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर, तिकीट तपासल्यासारखी.

"साहेब, एकदा तरी मागे बघा. पोरांनी मेहनत घेतलीय," मी एकदा म्हटलं.

"ती काय करणार आहेत ते मला माहीत आहे, मंडपवाले. ही काय करणार आहेत ते माहीत नाही."

ते प्रत्येकाला धंद्यावरून हाक मारायचे. मी मंडपवाले, मेकअप करणारा पोरगा रंगवाले, फादरसुद्धा त्यांच्या तोंडी 'मैदानवाले'. त्यांचं स्वतःचं नाव गावात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. साहेब म्हणजे साहेब.

जन्मभर त्यांनी वजनमापं तपासायची सरकारी नोकरी केली. मूळचे कोकणातले, नोकरीत इकडे आले, माणिकपूरला फ्लॅट घेतला आणि इथलेच झाले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पापडी गावच्या बाजारात. माझा बाप तिथे वाडीतली वांगी आणि अळू विकायला बसायचा. इतर इन्स्पेक्टर यायचे ते थेट तराजू उचलायचे. हे लांब उभे राहून गिऱ्हाइकांची तोंडं बघायचे. बापाने एकदा विचारलं, "साहेब, तराजू हिकडे आहे." तर म्हणाले, "काटा मारणारा तराजूकडे बघत नाही, गिऱ्हाइकाकडे बघतो. मग मी पण गिऱ्हाइकाकडेच बघतो." आणि त्याच दिवशी बापाचा तराजू उचलून नेला. पारड्याच्या खाली चिंचेचा गोळा निघाला. ती चिंच आपोआप चिकटली की चिकटवली, हे बापाने मरेपर्यंत सांगितलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून साहेबांना ओळखून होतो. हा माणूस कोणाचा चहा पीत नाही. पाण्याची बाटली घरून आणतो. फुकट काही दिलं की पहिला प्रश्न विचारतो, "हे कशासाठी?" असल्या माणसाशी सौदा करणं सोपं नसतं. ज्याला काही नको असतं त्याला धरायचं कुठे?

रिटायर झाल्यावर त्यांना नाटकाचा नाद लागला. आधीच्या नाटकवाल्या मास्तरांना गुडघ्यांनी घरी बसवलं, तेव्हा फादरनी यांना विचारलं. हिंदू माणूस नाताळचं नाटक बसवणार म्हणून दोनचार जणांनी नाकं मुरडली. साहेबांनी त्या दोनचार जणांना पहिल्या रांगेत बसवलं. "शंका घेणारा माणूस झोपत नाही," म्हणाले.

टाळीवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. "टाळी शेजाऱ्याचं बघून पडते. खोकला कोणाचं बघून येत नाही." प्रयोग रंगला की नाही हे ते खोकल्यावरून, शेंगदाण्याच्या पुड्यांवरून आणि माझ्या खुर्च्यांवरून ठरवायचे. पहिल्या वर्षी मी त्यांना नव्या कोऱ्या खुर्च्या दाखवल्या, तर त्यांनी गोदामात मागे पडलेल्या जुन्या मागितल्या. मी मनात म्हटलं, आला, भाव पाडायला आला.

"जुन्या आहेत म्हणून कमी करणार नाय हां," मी आधीच सांगून टाकलं.

"नका करू. नव्यांचेच घ्या. मला करकरणाऱ्या हव्यात. नव्या खुर्चीत माणूस कंटाळून हलला तरी कळत नाही."

मी नव्यांचे पैसे घेतले आणि जुन्या दिल्या. धंद्यात इतका सोपा सौदा मी कधी केला नव्हता, आणि म्हणूनच त्या रात्री मला धड झोप लागली नाही. समोरचा इतक्या लवकर हो म्हणतो तेव्हा आपण काहीतरी चुकवलेलं असतं.

तालमीला ते एकच प्रेक्षक बोलवायचे. आमच्या आळीतली कातरीन आजी. तिला सांगून ठेवलेलं, कंटाळा आला की सरळ उठून घरी जायचं. एकदा ती तिसऱ्या प्रवेशात उठली. साहेबांनी तो प्रवेशच कापून टाकला. ज्या पोराचं त्यात मोठं भाषण होतं तो रडकुंडीला येऊन आजीकडे गेला. आजी दुसऱ्या दिवशी काठी टेकत तालमीला आली नि साहेबांवर ओरडली, "अरे, चांगला होता तो! माजा भात चुलीवर होता, म्हनून गेले!"

"भात आठवला ना?" साहेब म्हणाले. "मग प्रवेश वाईट."

"लागला असता तो!"

"चांगला प्रवेश असता तर लागला असता आणि तुम्हाला कळलंही नसतं."

आजीने त्या पोराला आठवडाभर घरी बोलावून जेवायला घातलं. प्रवेश काही परत आला नाही.

नाटक संपल्यावर तर लोक साहेबांना चुकवायचे. त्यांना 'छान झालं' म्हटलेलं चालत नसे. ते वाटेत उभे राहून अडवायचे आणि विचारायचे, "म्हातारा दारात आला तेव्हा त्याच्या हातात काय होतं?" ज्याला सांगता यायचं नाही त्याला म्हणायचे, "मग छान कशावरून?" बँकेतला एक मोठा ऑफिसर, बायकोपोरांसमोर, हातातलं सांगता न आल्यामुळे असा काही पेचात सापडला की पुढच्या वर्षापासून तो नाटक संपायच्या आधीच केळीच्या वाडीतून घरी पळायचा. हळूहळू अर्धं गाव वाडीतून जायला लागलं. कोणाच्या केळी मोडल्या म्हणून भांडणंही झाली.

आता माझं जे बिघडलं ते सांगतो. पण त्याआधी आमच्याकडची एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या गावात आडनावं थोडी आणि माणसं फार. एकाच आडनावाची घरं आळीभर. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव असतं, आणि ते एकदा चिकटलं की नातवंडांपर्यंत जातं. कोणाचा पणजा स्वतःच्या लग्नात रडला, ते घर आजही 'रडके'. त्या घरातला आजचा पोरगा नालासोपाऱ्यात व्यायामशाळा चालवतो, दंड माझ्या मांडीएवढे, तरी पत्ता विचारला की लोक 'रडक्यांकडे' असंच सांगतात. आमचं घर 'मोडगाडे'. बापाची बैलगाडी एकदा भर बाजारात मोडली, एवढंच कारण. मी बापाच्या मोडक्या गाडीतून बांबू वाहून धंदा सुरू केला. पहिला मंडप माझ्या हातांनी बांधला, पहिली कनात बायकोने शिवली. पुढे टेम्पो आले, गोदाम आलं, आणि एक दिवस रिक्षावाल्याने दुसऱ्याला सांगितलेलं माझ्या कानाने ऐकलं, "अरे, ते मंडपवाल्यांचं घर." ते नाव मला कोणी वारशात दिलं नव्हतं. मी ते कमावलं होतं. माझ्या पोरांना ते मिळणार होतं.

ते घालवलं साहेबांच्या नाटकाने.

त्या वर्षी साहेबांनी एक जुनी गाजलेली कादंबरी स्टेजवर आणायचं ठरवलं. गावातल्या सगळ्यांना ती माहीत होती, कारण शाळेच्या पुस्तकात तिचा एक धडा होता. पूर्ण कोणी वाचली नव्हती. गोष्ट साधी आहे. एका श्रीमंत माणसाचा मुलगा विहिरीत पडून जातो आणि बाप त्या विहिरीला कुलूप घालतो. गावाला दुसरं पाणी नाही. लोक हात जोडतात, भांडतात, तो ऐकत नाही. शेवटी सणाच्या दिवशी एक बाळंतीण पाणी मागायला येते आणि तो कुलूप काढतो. कादंबरीतला सण वेगळा होता, साहेबांनी नाताळ केला. पुस्तकी भाषा काढून आमच्याकडच्या बोलीतले संवाद घातले.

आता योगायोग बघा. माझ्या वाडीतल्या विहिरीलाही कुलूप आहे. बापाच्या वेळी आळीतल्या बायका तिथे पाणी भरायच्या. मी वर लोखंडी जाळी घातली आणि कुलूप लावलं, कारण शेजारच्या बांधकामावरच्या बाईचं पोर एकदा काठावर ओणवं झालेलं मी स्वतः पाहिलं होतं. आता घराघरात नळ आहेत, कोणाचं पाणी अडलं नव्हतं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण आमच्या गावात तोंडावर बोलत नाहीतच.

नाटकाच्या आधी साहेब माझ्याकडे आले. "मंडपवाले, मला खरं कुलूप हवं. विहिरीवरचं. पावसात भिजलेलं, गंजलेलं. दुकानातलं लोकांना लगेच कळतं."

मी विचारलं, "बदल्यात काय?"

"काय हवं?"

"माझं नाव माइकवरून. प्रत्येक अंकाच्या आधी. नुसतं मंडपाचं नाय, स्टेजवर जी जी वस्तू माझी असेल तिच्यासकट."

"प्रत्येक वस्तू?"

"प्रत्येक."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, बाजारात बघायचे तसे. मग म्हणाले, "लोक हसतील."

हे ते म्हणाले, मी नाकारत नाही. पण सौद्यात समोरचा असं काहीतरी म्हणतोच. तुमचे बांबू वाकडे आहेत, कापड फिकं आहे, लोक हसतील. हे ऐकून मी मागे सरलो असतो तर आजही बापाची मोडकी गाडी ओढत असतो. मी म्हटलं, "हसूंदे. सौदा मंजूर असेल तर कुलूप घेऊन जा." त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यात कुलूप गुंडाळलं आणि गेले. ज्याला खरंच सावध करायचं असतं तो दोन वाक्यं जास्त बोलतो. असं तुटक बोलून निघून जात नाही.

नाटकाच्या संध्याकाळी मी मागे, जनरेटरजवळ. दुसरा अंक संपला. निवेदन करणारी टीचर माइकवर आली आणि तिने साहेबांनी दिलेल्या कागदावरून वाचलं, "यापुढील अंकातील रहाट, कंदील, बाज, आणि विहिरीला लावलेलं कुलूप, या सर्वांचं सौजन्य..." आणि माझं पूर्ण नाव, आडनाव, आणि 'मंडप डेकोरेटर्स'.

मग बायकांच्या बाजूने एक हसू फुटलं. छोटंसं, दाबून ठेवलेलं निसटावं तसं. आणि त्याच्या मागोमाग अख्खं मैदान. पडदा उघडला, स्टेजवरच्या म्हाताऱ्याने कुलूप हातात घेतलं, तर पुन्हा हसू. गावातली सगळ्यात दुःखी गोष्ट आणि माणसं डोळे पुसून हसतायत. अंधारातून कोणीतरी ओरडलं, "कुलूपवाले!"

नवीन वर्ष उजाडेपर्यंत आम्ही कुलूपवाले झालो होतो. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर मी गास म्हटलं, तर पोरगा म्हणाला, "कुलूपवाल्यांच्या पुढे का अलीकडे?" मी रिक्षातून उतरून चालत निघालो.

मला एकच हवं होतं. पहिलं कोण हसलं? बाकीचे मेंढरं, मागोमाग गेले. पण ज्याने सुरुवात केली त्याने माझं घर हिसकावलं. मी सगळ्यांच्या मोबाइलमधल्या क्लिपा मागून बघितल्या. हसू ऐकू येतं, दिसत काही नाही. सगळ्या मोबाइलांची तोंडं स्टेजकडे. मैदानाकडे तोंड असलेला माणूस एकच होता.

मी केक घेऊन त्यांच्या फ्लॅटवर गेलो. पाहुण्याची खुर्ची त्यांनी अशी ठेवलेली की खिडकीचा उजेड थेट बसणाऱ्याच्या तोंडावर यावा.

"हे कशासाठी?" त्यांनी केककडे बोट केलं.

"नाताळचा आहे. घ्या. आणि मला सांगा, पहिलं कोण हसलं?"

"प्रेक्षकाचं नाव मी बाहेर सांगत नाही."

"म्हणजे माहीत आहे!"

"माहीत आहे."

"मग तुम्ही ते मुद्दाम केलंत, हे तरी कबूल करा."

"काय मुद्दाम? सौदा तुम्ही केलात. मी पाळला."

माझं डोकं फिरलं. "पुढच्या वर्षी एक खुर्ची देणार नाय! लोकांना जमिनीवर बसवा!"

"नको. उभं करीन," ते शांतपणे म्हणाले. "उभा माणूस जास्त खरा वागतो." आणि केक माझ्या हातात परत दिला.

मग मी स्वतःच शोध लावला. बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत माझा चुलतभाऊ इनास याची बायको बसली होती. ती मला आधीपासून 'काय शेठ' म्हणून चिडवते. माझ्या पाठीमागे हसते हे मला दोघांनी सांगितलं होतं. मी दारात जाऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी हसले, सगळेच हसले. पन पयलं नाय." डोळे खाली होते तिचे. मला तेवढं पुरलं. मी इनासशी बोलणं सोडलं. नाताळला त्यांच्याकडून आमच्याकडे तळलेले गोड फुगे यायचे, आमच्याकडून त्यांच्याकडे करंज्या जायच्या, ते थांबलं. उन्हाळ्यात इनासच्या पोरीचं लग्न झालं, त्याला मंडप नालासोपाऱ्याच्या कोणा दुसऱ्याने घातला. मी गच्चीवरून बघत होतो. दोऱ्या चुकीच्या बांधलेल्या, कनात एका बाजूला लोंबत होती. त्या पोरीला मी लहानपणी खांद्यावर बसवून मंडपाच्या झालरी लावायला दिल्या होत्या.

"सोडा ओ आता," फिलू, माझी बायको, म्हणाली. "नाव काय खायला घालतं?"

"तुला काय कळतंय?" मी म्हटलं. ती भांडी उचलून आत गेली. त्या वर्षात ती बरीच गप्प होती.

एका गोष्टीचा मात्र मला राग यायचा आणि कारण सांगता यायचं नाही. सगळं गाव कुलूपवाले म्हणायला लागलं तरी साहेब मला भेटले की 'काय मंडपवाले' असंच म्हणायचे. यात त्यांचा काय डाव होता, हे मी खूप शोधलं.

पुढच्या नाताळला तेच नाटक पुन्हा करायचं ठरलं. लोकांनीच मागितलं. साहेब आले, म्हणाले, "खुर्च्या द्या."

"पहिल्या हसणाऱ्याचं नाव द्या, खुर्च्या घ्या."

"नाव नाही."

"मग खुर्च्या नाय."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला सौदा करताना बघितलं. मग म्हणाले, "नाव देणार नाही. स्टूल देतो. माझ्या शेजारी बसा आणि स्वतः बघा."

मी विचार केला. मासा पकडायचा तर गळाला आमिष हवं. म्हटलं, "घोषणा पुन्हा तशीच करायची. शब्दाला शब्द."

त्यांनी हात पुढे केला. साहेबांचा हात मी तेव्हा पहिल्यांदा हातात घेतला. थंड होता.

त्या संध्याकाळी माझंही स्टूल लागलं. लोकांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या, मग पडदा उघडला आणि ते मला विसरले. माणसं आपल्याला विसरतात म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. स्टेजवरचा उजेड त्यांच्या तोंडांवर पडला होता आणि एकाचंही तोंड रोजचं नव्हतं. बँकेतला ऑफिसर तोंड उघडं टाकून बसलेला. कातरीन आजी स्टेजवरच्या म्हाताऱ्याला हळूच शिव्या देत होती. रडक्यांचा तो दांडगा पोरगा पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून होता. माझ्या खुर्च्या अजिबात करकरत नव्हत्या.

मी इनासच्या बायकोवर नजर लावून बसलो. दुसरा अंक संपला. टीचर माइकवर आली. "...रहाट, कंदील, बाज..." इनासच्या बायकोने पदर तोंडावर धरला. हसण्यासाठी नाही. तिने घाबरून माझ्या स्टुलाकडे बघितलं. एक वर्ष मी ज्या तोंडाला चोर म्हणत होतो, ते तोंड घाबरलेलं होतं.

आणि 'कुलूप' हा शब्द टीचरच्या तोंडातून पुरता बाहेरही आला नव्हता, तेव्हा उजव्या हाताला, तिच्या मागच्या रांगेत, फिलू हसली.

माझी फिलू. डोळे मिटून, खांदे हलवत, हाताने तोंड दाबत, आणि दाबलेलं निसटून. तेच हसू. क्लिपांमधून मी शंभरदा ऐकलेलं. माझ्या घरात राहणारं हसू मला ओळखता आलं नव्हतं, कारण ते घरात मी फारसं ऐकलेलंच नव्हतं. तिच्या मागोमाग अख्खं मैदान हसलं.

मला वाटलं, योगायोग असेल. मी तिच्याकडेच बघत राहिलो. पुढच्या प्रत्येक विनोदाला ती सगळ्यांच्या आधी, एक श्वास आधी हसायची. बाळंतीण दारात आली तेव्हा सगळ्यात पहिले डोळे तिचेच भरले. बाकी सगळं मैदान तिच्यामागून चालत होतं आणि कोणालाच ते माहीत नव्हतं. तिलाही नाही.

"एवढं एकटक बघू नका," शेजारून साहेब हळूच म्हणाले. त्यांची नजर दुसरीकडेच होती. "तिला कळलं तर ती पुन्हा अशी हसणार नाही."

मी मान खाली घातली.

नाटक संपल्यावर मी त्यांना जनरेटरमागे गाठलं. "तुम्हाला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं! माझ्या भावाची पोर दुसऱ्याच्या मंडपात लग्न करून गेली. मी किती वेळा विचारलं तुम्हाला?"

"मला विचारलंत," ते म्हणाले. "सगळ्या गावाला विचारलंत. घरी विचारलंत?"

त्या प्रश्नाचा राग माझ्या मनात अजून आहे. ते आता नाशिकला मुलीकडे असतात. गुडघे गेलेत, स्टुलावर चढवत नाही म्हणतात. फोन केला की पलीकडून 'काय मंडपवाले' येतं आणि मी विचार करत बसतो की हा माणूस मला चिडवतोय की काय. त्यांनी माझं स्टूल डाव्या कोपऱ्यात नेमकं असं ठेवलं होतं की तिसरी रांग समोर यावी. हे सहज झालं, यावर माझा विश्वास नाही. सांगायचं नव्हतं तर दाखवलं का, आणि दाखवायचं होतं तर वर्षभर थांबले का? बाजारात असते तर मी त्यांना सोडलं नसतं.

त्या नाटकानंतर नवीन वर्षाच्या आदल्या सकाळी मी टेम्पो इनासच्या दारात नेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या थोरल्या मुलाच्या पोराचा बाप्तिस्मा होता आणि अंगण उघडं होतं. इनास घरात नव्हता. त्याची बायको पायरीवर उभी राहिली, हात कमरेवर.

"काय शेठ? रस्ता चुकला?"

"मंडप घालायचाय."

"आमी सांगितला नाय."

"मला दिसतंय ना अंगण. उद्या माणसं उन्हात बसनार काय?"

ती पायरीवरून खाली उतरली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कोन हसलं ते कळलं वाटतं तुला."

"कळलं."

"कोन?"

मी टेम्पोचं मागचं फळकं खाली पाडलं. "बांबू कुठल्या बाजूला उतरवू ते सांग."